घंटा वाजते, डोळे भरतात



आपल्या दत्तमहाराजांच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. मागे गाय, वर औदुंबर. लहानपणी या सगळ्या परिवारात मला ती कुत्रीच सर्वांत जवळची वाटत, कारण तशीच कुत्री आमच्या आळीत होती. ते चार वेद आहेत हे पुढे कीर्तनात कळले. तरी कुत्रे ते कुत्रेच, हा भाव काही मनातून गेला नाही, आणि जाऊ नये असेच वाटते. ज्याला सगळे हाड हाड करतात त्याला या देवाने पायाशी बसवून घेतले आहे.

आज मात्र मला वेगळ्याच एका कुत्र्याबद्दल लिहायचे आहे. हा रशियातला, सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेतला. दत्तजयंतीच्या अंकात तो कुठून आला असे वाचकांना वाटेल. थोडा धीर धरावा, ही विनंती.

माझी त्याची ओळख नातीमुळे झाली. ती अकरावीला कला शाखेत आहे आणि तिने मानसशास्त्र घेतले आहे. एके दिवशी पुस्तक घेऊन आली, म्हणाली, "आजोबा, हे 'अभिजात अभिसंधान' काय असतं हो?" शब्द ऐकून मीही दचकलो. मी बी. कॉम. माणूस, चौतीस वर्षे बँकेत लेजर आणि कॅश केलेली. पण वाचत गेलो तसे लक्षात आले की प्रकरण सोपे आहे. आणि ते आपल्या देवळातलेच आहे.

इव्हान पावलोव्ह हा शास्त्रज्ञ १८४९ सालचा. वडील रियाझान गावचे पाद्री. तोही आधी पाद्री होण्याच्याच शाळेत होता, पण ते सोडून विज्ञानाकडे वळला. मूळ अभ्यास पचनक्रियेचा, आणि १९०४ चे नोबेल पारितोषिकही त्याला त्यासाठीच मिळाले. (हिशेबाच्या माणसाला गंमत वाटेल अशी एक गोष्ट : त्याच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांचा जाठररस बाटल्यांत भरून अपचनावरचे औषध म्हणून विकत असत आणि त्याचे बऱ्यापैकी उत्पन्न प्रयोगशाळेला होई.) कुत्र्याच्या गालाला लहान छिद्र पाडून लाळ बाहेर नळीत घ्यायची आणि मोजायची, अशी त्याची पद्धत. मोजता मोजता त्याच्या लक्षात आले, की अन्न तोंडात पडायच्या आधीच लाळ सुटते आहे. अन्न आणणाऱ्या माणसाच्या पावलांचा आवाज आला तरी सुटते.

मग त्याने मुद्दाम करून पाहिले. आधी एक आवाज करायचा आणि लगेच अन्न द्यायचे. सगळीकडे घंटेची गोष्ट सांगतात, पण तो जास्त करून तालाचे ठोके देणारे मेट्रोनोम यंत्र किंवा बझर वापरत असे. असे बऱ्याच वेळा झाले, की नुसता ठोका ऐकून लाळ येऊ लागते, समोर अन्न असो वा नसो. यात क्रम महत्त्वाचा. आवाज आधी आणि अन्न मागून. उलट केले तर फारसे काही साधत नाही. नातीला मी माझ्या भाषेत सांगितले, की दोन नोंदी एकाच व्हाउचरवर पुन्हा पुन्हा पडल्या, की एक दिसली तरी दुसरी आपोआप आठवते.

आता देवळात या. घंटा वाजते, मग पडदा सरकतो. धुपाचा वास येतो, आरती होते आणि हातावर प्रसाद पडतो. दत्तजन्म सायंकाळचा. मार्गशीर्षातला गारठा, पाळणा हलतो, गुलाल उधळतो आणि नंतर सुंठवडा. साठ वर्षे हा क्रम मोडलेला नाही. आजही पाळण्याची दोरी हलली की माझ्या तोंडाला पाणी सुटते. हे अलंकार म्हणून लिहीत नाही, अगदी शब्दशः सुटते. आणि घंटा वाजून दिगंबराचा गजर सुरू झाला की डोळेही भरतात.

हे मी आमच्या एका स्नेह्यांना हसत हसत सांगितले. आम्ही एकाच शाखेत बरीच वर्षे शेजारच्या काउंटरवर होतो. त्यांचे नाव लिहीत नाही. ते म्हणाले, "मग झालं तर! तुमचं आमचं सगळं त्या कुत्र्यासारखंच. घंटा वाजली, डोळे भरले. यात भक्ती कुठे आली हो?"

हा प्रश्न त्यांनी थट्टेने विचारलेला नव्हता. त्यांचा मुलगा तरुणपणीच दुखण्याने गेला. ते दुखणे चालू असताना घरात गुरुचरित्राची सप्ताह-पारायणे झाली, एकदा नव्हे, तीनदा. मुलगा गेल्यानंतर त्यांनी देवळात येणे बंद केले, त्याला आता अकरा वर्षे झाली. तसबीर उतरवली नाही, कुणाशी वादही घातला नाही. फक्त यायचे थांबले. गेल्या वर्षी उत्सवाची पालखी त्यांच्या दारावरून गेली तेव्हा ते गॅलरीत उभे होते. खालून मी पाहिले, त्यांचे डोळे वाहत होते. दुसऱ्या दिवशी फिरायला भेटले तेव्हा मी काहीच बोललो नव्हतो, तरी स्वतःच म्हणाले, "ते डोळे होते. मी नव्हतो."

तेव्हापासून हे डोक्यात घोळते आहे.

त्यांच्या प्रश्नाला देवळात तयार उत्तरे पुष्कळ आहेत. मला त्यातले एकही पटत नाही. म्हणून आधी त्यांचे म्हणणे पूर्ण मान्य करून टाकू. होय, माझे डोळे भरतात ते सवयीने. दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या गावच्या घरात जन्मलो असतो तर दुसऱ्याच आवाजाने भरले असते. मी ठरवून काही करत नाही. शरीराने शिकलेले शरीर करते. आणि शरीर शिकते ते आपल्याला विचारून शिकत नाही. नरसोबाच्या वाडीला जाऊन आल्यावर, बासुंदीचा काही दोष नसताना, केवळ त्या रात्री पोट बिघडले म्हणून जन्मभर बासुंदी न चालणारी माणसे आपल्या माहितीत असतात. एकदाच घडले, आणि तेही खाल्ल्यानंतर काही तासांनी, तरी पक्के बसते. जॉन गार्सिया नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांवर हे दाखवले तेव्हा इतक्या उशिराने जोड लागू शकते यावर मोठमोठे लोक विश्वास ठेवायला तयार नव्हते. आपल्याकडच्या कुठल्याही आजीने ठेवला असता.

तर हे अश्रू शिकलेले आहेत. मग ते माझ्या खात्यावर जमा धरता येत नाहीत, एवढे तरी मान्य करायला हवे. हे बोलायला सोपे, पण देवळात आपण उलटच वागतो. ज्याचे डोळे भरतात तो भाविक, असे धरून चालतो. आमच्याकडे एका घरात नवी सून आली. माहेरी दत्ताचे काही नव्हते. आरतीला ती कोरड्या डोळ्यांनी उभी राहायची. बायका कुजबुजल्या, "भाव नाही हो." तीच सून आरतीनंतर पत्रावळी उचलायची, मंडप झाडून घ्यायची, हे कुणाच्या हिशेबात आले नाही. तिच्या बालपणी घंटा आणि सुंठवडा यांची जोडी लागली नव्हती, इतकेच. त्यात तिची उणीव ती काय, आणि आमची थोरवी ती कोणती?

शिकवलेले आहे म्हणून ते खोटे, हेही मला पटत नाही. आईचा आवाज ऐकून तान्हे मूल शांत होते, तेही शिकलेलेच. गुरुवार, तिन्हीसांजेचा दिवा, धूप, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, हे ज्यांनी बसवले त्यांना पावलोव्ह ठाऊक नव्हता. पण माणसाचे मन कशाने वळते हे पक्के ठाऊक होते. शिवाय नंतरच्या संशोधकांनी, रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी १९६० च्या दशकात, एक बारीक गोष्ट दाखवली. दोन गोष्टी नुसत्या एकत्र आल्या म्हणून चिकटत नाहीत. ठोका अन्नाची काही खबर देत असेल तरच त्याला किंमत. ठोक्यावाचूनही अन्न तितकेच येत राहिले, तर ठोक्याकडे जनावर लक्ष देत नाही. म्हणजे तो कुत्रा यंत्र नाही. तो वाट पाहतो आहे.

आपला विषय खरा इथे सुरू होतो. वाट पाहणे म्हणजे आशा, आणि आशेबद्दल आपल्या अवधूताला सांगण्यासारखे होते. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला जो अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्याला आपण दत्तात्रेयच मानतो. त्या चोविसांत पिंगला आहे. विदेह नगरीतली वेश्या. नटूनथटून दारात उभी राहते. आता येईल, हा नाही तर पुढचा येईल, करीत आत-बाहेर करते. मध्यरात्र होते, कुणी येत नाही. जिथे बक्षीस कधी मिळते, कधी मिळत नाही, तिथे आस सुटायला फार वेळ लागतो, हे आजचे मानसशास्त्रही सांगते. लॉटरीच्या दुकानासमोरची गर्दी याच आशेवर उभी असते. पिंगलेची आस मात्र त्या रात्री तुटली आणि ती स्वस्थ झोपली. अवधूत म्हणतो, ती माझी गुरू.

पावलोव्हच्या कुत्र्याला हीच रात्र दाखवली तर काय होते? ठोका द्यायचा, अन्न द्यायचे नाही. पुन्हा ठोका, पुन्हा ताट नाही. लाळ कमी कमी होत बंद पडते. याला पुस्तकात विलोपन म्हणतात. वरवर पाहता पिंगलेचे तेच झाले, आमच्या स्नेह्यांचेही तेच. घंटा वाजत राहिली, ताट आले नाही.

पण पावलोव्हला पुढे आणखी एक गोष्ट दिसली. लाळ पूर्ण बंद झालेल्या कुत्र्याला काही काळ विश्रांती दिली आणि मग पुन्हा ठोका दिला, तर लाळ पुन्हा येते. मध्ये कुणी अन्न दिलेले नसताना. म्हणजे शिकलेले पुसले गेलेले नसते, त्याच्यावर दुसरे काही शिकून झाकण बसलेले असते. गॅलरीतल्या त्या अश्रूंचे शास्त्र हे असावे. "ते डोळे होते, मी नव्हतो," हे स्नेह्यांचे वाक्य मानसशास्त्राच्या कुठल्याही परीक्षेत बरोबर ठरेल.

१९२४ साली लेनिनग्राडला मोठा पूर आला. पावलोव्हची कुत्री पिंजऱ्यांत होती, पाणी चढत गेले आणि त्यांना मोठ्या मुश्किलीने पोहत बाहेर काढावे लागले. नंतर पाहिले तर काही कुत्री शिकवलेले सारे विसरून गेली होती. ते हळूहळू परत आले. पण एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून नुसती पाण्याची धार सोडली तरी तो पुन्हा बिथरायचा. आमच्या कृष्णाकाठी पूर देवळात शिरतो, पादुकांवरून पाणी दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि आपण त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणून स्नान करतो. पाणी तेच, शिकवण वेगळी. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी घराघरांत शिरले तेव्हा सोहळा कुणी म्हटले नाही. प्रत्येकाच्या शिकवणीला पुराची एक पातळी असते. स्नेह्यांचा पूर माझ्यापेक्षा फार वर गेला होता.

त्या काळात लोक त्यांच्याशी काय बोलले ते मला विसरता येत नाही. "सप्ताहात काही चुकलं असेल." "सोवळ्यात कमी पडलं का?" "उद्यापन नीट झालं होतं ना?" बी. एफ. स्किनरने १९४८ साली कबुतरांचा एक प्रयोग लिहिला आहे. पिंजऱ्यात ठरावीक वेळाने आपोआप दाणे पडायचे, कबूतर काहीही करो. पण त्या क्षणी जे कबूतर गिरकी घेत होते ते गिरक्या घेत राहिले, जे मान हलवत होते ते मान हलवत राहिले, जणू त्यामुळेच दाणे पडत आहेत. मुलगा गेलेल्या बापाला "गिरकी घेताना चुकलात" असे सांगणारे आम्ही, आणि स्वतःला गुरुभक्त म्हणवतो. गुरुचरित्र वाचून माणूस इतका कोरडा राहू शकतो याचे मला नवल वाटते.

मुलांच्या बाबतीतही हेच. अमेरिकेत १९२० साली जॉन वॉटसन याने एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवायचा आणि त्याच वेळी मागे लोखंडी सळई दणदण वाजवायची, असा निर्दय प्रयोग केला. काही वेळातच मूल उंदराला भिऊ लागले, आणि सशालाही, केसाळ कोटालाही. आपण "देव शिक्षा करील", "पाय लागला, आता बघ काय होतं ते" असे म्हणत गाभाऱ्यासमोर नातवंडाच्या पाठीत धपाटा घालतो, तेव्हा कोणती सळई वाजवत असतो? मग विसाव्या वर्षी तो देवळात येत नाही म्हणून आपणच हळहळतो. चारच वर्षांनी मेरी कव्हर जोन्स या बाईंनी याचा उतारा दाखवला. सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला त्याचा आवडता खाऊ द्यायचा आणि ससा दुरून, रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. सुंठवडा आधीपासून आपल्याच हातात आहे. धपाटा तेवढा बंद करायला हवा.

पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो. भक्ती कुठे आली? मला गुरुचरित्रातला नरहरी आठवतो. कुष्ठाने पिडलेला ब्राह्मण. श्रीगुरूंनी त्याला औदुंबराचे वाळके लाकूड दिले, संगमावर रोवून रोज पाणी घालायला सांगितले. लोक हसले. लाकूड वाळलेलेच. तरी तो पाणी घालत राहिला. शेवटी श्रीगुरूंनी कमंडलूतले पाणी शिंपडले आणि पालवी फुटली. ती पालवी आपण कीर्तनात मोठ्याने सांगतो. मला मात्र त्याआधीचे दिवस मोठे वाटतात. तिथे ठोका होता, ताट नव्हते, आणि माणूस तांब्या घेऊन संगमावर जात होता. हे कुठल्याच सवयीने घडत नाही. सवय असती तर ती केव्हाच विझली असती. घंटेने डोळे भरणे हे देणे आहे, ते बालपणी कुणीतरी दिले. त्याच्या पुढे जे आपण स्वतः करतो, तिथून भक्तीचा संबंध येतो असे मला वाटते.

पण ही कथा मी स्नेह्यांना सांगितलेली नाही, सांगणारही नाही. त्यांच्या लाकडाला पालवी फुटली नाही. माझा मुलगा पुण्यात आहे, दर रविवारी फोन करतो. पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होते आणि मोबाइल वाजला की बरे वाटते. माझी घंटा वाजली तेव्हा थोडे मागेपुढे का होईना, ताट आलेच आहे. माझी भक्ती ताटाची की देवाची, हे मला कळायला अजून मार्गच मिळालेला नाही. मिळू नये अशी प्रार्थना मी रोज करतो, हेही खरे. अशा माणसाने त्यांना नरहरी सांगायचा?

"बघा, महाराज तुम्हाला हाक मारताहेत," असेही एकाने त्यांना सुचवून पाहिले. ते नुसते हसले. मला तेही बोलणे आगाऊपणाचे वाटले. चोवीस गुरू सांगून झाल्यावर अवधूत आपल्या देहालाही गुरू म्हणतो. देह काय शिकवतो ते ज्याचे त्याने ऐकायचे. स्नेह्यांच्या देहाला अजून पालखीचा गजर ओळखू येतो, आणि त्यांच्या मनाला येत नाही म्हणून ते प्रामाणिकपणे तसे सांगतात. अकरा वर्षांत त्यांनी एकदाही लोकांना बरे दिसावे म्हणून हात जोडले नाहीत. आमच्यातल्या कितीजणांना हे जमेल?

दरवर्षी दत्तजन्म झाला की मी पानात थोडा सुंठवडा बांधून त्यांच्याकडे नेतो. वहिनी आतून वाटी आणतात. पहिली दोन वर्षे त्यांनी तो टेबलावर ठेवून घेतला. तिसऱ्या वर्षी हात पुढे केला. अजूनही ते कपाळाला लावत नाहीत, तसेच तोंडात टाकतात. सुंठ जरा जास्त झाली असली तर तेही सांगतात. मग आम्ही क्रिकेटबद्दल बोलतो.